सर्व्हर परत उभा राहिला, पण लायसन्सचं काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी भाषा बरीचशी बोललो तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण बॅकअप कसा घ्यायचा, किती प्रती ठेवायच्या, कुठे ठेवायच्या हे बोललो. त्या विषयाचा एक तुकडा मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्याला स्वतंत्र भाग लागतो. सर्व्हर बंद पडला, बॅकअप आहे, पण तो आता वेगळ्याच मशीनवर रिस्टोर करायचाय. डेटा येईल, प्रोग्रॅम येतील, सेटिंग्ज येतील. लायसन्स येईल का?

हा प्रश्न वकिलांचा आहे असं वाटतं. पण तो पहिल्यांदा येतो सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, आणि तो अकाउंट्समधल्या ताई विचारतात.

समजा, भोसरीत किंवा नाशिकच्या अंबडला चाळीस माणसांचा एक कारखाना आहे. ऑफिसात एकच सर्व्हर, सात वर्षं जुना. त्यावर विंडोज सर्व्हर, टॅली, एका छोट्या कंपनीकडून करून घेतलेलं ईआरपी आणि डिझाइनवाल्यांच्या कॅड सॉफ्टवेअरचा लायसन्स मॅनेजर. शुक्रवारी रात्री मदरबोर्ड जातो. ते मॉडेल आता मिळत नाही. डीलरकडे दुसऱ्या कंपनीचा, नवा, मोठा सर्व्हर तयार आहे. हल्लीची बॅकअप सॉफ्टवेअर वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोर करतात, ड्रायव्हरचं बघून घेतात. रविवारी संध्याकाळी लॉगिनचा पडदा दिसतो. सगळे हुश्श करतात.

सोमवारी काय होतं? विंडोज म्हणतं, ॲक्टिव्हेट करा. टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, म्हणजे महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी घेतं. कॅड म्हणतं, लायसन्स सापडत नाही. ईआरपी म्हणतं, ही मशीन माझ्या ओळखीची नाही. महिन्याची वीस तारीख जवळ आलेली, जीएसटीआर-३बी भरायचंय. डेटा शंभर टक्के परत आलाय, आणि काम शून्य.

प्रत, किल्ली आणि हक्क

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून बघू. पहिली म्हणजे प्रत, डिस्कवरचं सॉफ्टवेअर. बॅकअपमधून येते ती ही. दुसरी म्हणजे किल्ली: प्रॉडक्ट की, ॲक्टिव्हेशन, लायसन्स फाइल, डोंगल. आणि तिसरी म्हणजे हक्क, ते सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालवण्याची परवानगी. ती कुठे असते? बिलात आणि करारात.

आपल्याकडे हे समजायला फार सोपं आहे, कारण 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द घरोघरी माहीत आहे. तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, करार त्या पत्त्याचा आहे. उद्या ती इमारत पडायला आली तर कपाट, पलंग, फ्रिज टेम्पोत घालून दुसरीकडे नेता येईल. पण जुना करार दाखवून नव्या फ्लॅटमध्ये शिरता येणार नाही. काही करार मात्र असे असतात, की मालकाच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये जायची मुभा त्यातच लिहिलेली असते. सॉफ्टवेअरचंही तसंच. बॅकअप हा टेम्पो. करारात काय आहे ते टेम्पोवाल्याला माहीत नसतं.

आणि एक लक्षात ठेवा, किल्ली चालली म्हणजे हक्क आहे असं नाही. फोनवरून ॲक्टिव्हेशन होऊन जातं कधीकधी. ॲक्टिव्हेशन झालं नाही तरी विंडोज सर्व्हर लगेच बंद पडत नाही, नुसता कोपऱ्यात कुरकुरत राहतो. म्हणून लोक म्हणतात, "चालतंय की!" चालतंय हे खरं, पण ऑडिट आलं की विचारतात ते बिल.

विंडोज सर्व्हर: आधी बिल काढा

विंडोज सर्व्हर साधारण तीन वाटांनी आपल्याकडे येतो. कोणत्या वाटेने आलाय यावर सगळं ठरतं.

पहिली वाट ओईएम. सर्व्हर घेताना त्याच्यासोबतच आलेलं, तुलनेनं स्वस्त लायसन्स. छोट्या कंपन्यांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. हे त्या मशीनला बांधलेलं असतं. मशीन गेली की तेही गेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. एक सवलत आहे: मदरबोर्ड बिघडला म्हणून तसाच, किंवा निर्मात्यानं दिलेला त्याच्या तोडीचा बोर्ड बसवला, तर लायसन्स टिकतं. म्हणून आपल्या भोसरीच्या उदाहरणात पहिला फोन नव्या सर्व्हरसाठी करायचा नाही. पहिला फोन जुन्या सर्व्हरच्या निर्मात्याला, "बोर्ड मिळेल का?" म्हणून. चार दिवस थांबणं कधीकधी नव्या लायसन्सच्या खर्चापेक्षा परवडतं. कधी नाही परवडत. पण आकडे समोर ठेवून ठरवा.

दुसरी वाट रिटेल, म्हणजे सुटा डबा. हे दुसऱ्या मशीनवर नेता येतं, जुन्यावरून काढून टाकायचं या अटीवर.

तिसरी वाट व्हॉल्यूम लायसन्स. हे कंपनीच्या नावावर करारानं घेतलेलं असतं, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेमता येतं. इथे नव्वद दिवसांचा नियम आहे. एकदा नेमलं की नव्वद दिवस दुसरीकडे हलवायचं नाही. हार्डवेअर कायमचं निकामी झालं असेल तर या नियमातून सूट मिळते, म्हणजे आपत्तीच्या वेळी तुम्ही अडकत नाही.

अडकतो ते नंतर. नवा सर्व्हर सुरू झाला. पंधरा दिवसांनी कुणीतरी जुना बोर्ड तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून दुरुस्त करून आणतं. मग कल्पना निघते, "अरे, हा बॅकअप सर्व्हर म्हणून ठेवू." डिस्क तीच, विंडोज तेच, चालू केलं. आता एका लायसन्सवर दोन सर्व्हर चालतायत. कुणाचाच वाईट हेतू नव्हता, पण हिशेब चुकला. जुनी मशीन ठेवायची असेल तर तिची डिस्क पुसा आणि तिच्यावर काय चालणार ते वेगळं ठरवा.

आणखी एक बारकावा. नव्या सर्व्हरसोबत तुम्ही नवं ओईएम लायसन्स घेतलं, आणि जुन्याचा बॅकअप त्यावर टाकला. रिस्टोर झालेली प्रत जुन्याच किल्लीची आहे. ती बदलावी लागते, आणि आवृत्ती जुळावी लागते. नव्या लायसन्सवर जुनी आवृत्ती चालवायची मुभा असते, त्याला डाउनग्रेड राइट म्हणतात. पण त्या जुन्या आवृत्तीची किल्ली आपोआप हातात पडत नाही, ती डीलरकडून वेगळी मागून घ्यावी लागते. सर्व्हरची ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या. रविवारी रात्री डीलर फोन उचलत नाही.

मशीन मोठी, बिलही मोठं

वेगळ्या हार्डवेअरचा सगळ्यात महाग धक्का इथे आहे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. मशीनमधले सगळे कोअर मोजायचे, आणि कमीत कमी एका प्रोसेसरला ८, एका सर्व्हरला १६.

आता गणित करू. जुना सर्व्हर: दोन प्रोसेसर, प्रत्येकी ८ कोअर, एकूण १६. तुमच्याकडे १६ कोअरचं व्हॉल्यूम लायसन्स आहे, हलवायचा हक्कही आहे. नवा सर्व्हर: दोन प्रोसेसर, प्रत्येकी १६ कोअर, एकूण ३२. हक्क हलला, पण अर्ध्याच मशीनला पुरला. उरलेले १६ कोअर विकत घ्यावे लागणार. "आम्हाला एवढी ताकद नकोच होती हो, बाजारात हाच मिळाला," हे कारण करारात चालत नाही.

व्हर्च्युअल मशीन असतील तर हे गणित आणखी फुगतं. स्टँडर्ड आवृत्तीत मशीनचे सगळे कोअर एकदा भरले की विंडोजची दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. तिसरं-चौथं हवं असेल तर सगळे कोअर पुन्हा एकदा भरायचे. म्हणजे चार व्हर्च्युअल मशीन जुन्या १६ कोअरच्या सर्व्हरवर ३२ कोअरच्या लायसन्समध्ये बसत होती. तीच चार, तशीच्या तशी, ३२ कोअरच्या सर्व्हरवर नेली की ६४ लागतात. डेटाचा एक बाइट वाढला नाही, आणि लायसन्स दुप्पट.

कित्येकांना वाटतं, व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक फाइल, ती कुठेही उचलून ठेवली की झालं, आत की आहेच. पण त्या मशीनचा हक्क बहुतेक वेळा खालच्या लोखंडाच्या लायसन्समधून येतो. फाइल हलते, लोखंड तिथेच राहतं.

म्हणून पर्यायी सर्व्हर निवडताना मेमरी आणि डिस्क जशी बघता, तसे कोअरही बघा. कमी कोअरचा, पण जास्त वेगाचा प्रोसेसर घेतला तर छोट्या ऑफिसचं काम उत्तम चालतं आणि लायसन्सही पुरतं. हा निर्णय शांत डोक्यानं, आधी घ्यायचा.

एक दिलासा: कॅल, म्हणजे वापरणाऱ्या माणसाचं किंवा त्याच्या कॉम्प्युटरचं लायसन्स, सर्व्हरच्या हार्डवेअरला बांधलेलं नसतं. चाळीस कॅल असतील तर सर्व्हर बदलला म्हणून ती वाया जात नाहीत. फक्त, कॅल सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीची किंवा तिच्या पुढची हवीत. घाईत "आता नवीनच टाकू" म्हणून आवृत्ती वाढवली, की चाळीस कॅल नव्यानं घ्यावी लागतात. आपत्तीच्या आठवड्यात आवृत्ती बदलू नका, याचं हे एक कारण. रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर त्याची कॅल वेगळी असतात आणि लायसन्स सर्व्हरवर चढवलेली असतात. तो सर्व्हर गेला तर ती पुन्हा चढवायची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा कराराचा नंबर विचारतात. तो कुणाकडे आहे, ते आजच बघा.

टॅली, कॅड आणि डोंगल

आता अशी सॉफ्टवेअर बघू, जी थांबली की धंदाच थांबतो.

टॅलीची रीत अशी: लायसन्स एका कॉम्प्युटरवर सक्रिय असतं. दुसरीकडे न्यायचं तर आधी पहिल्यावरून सरेंडर करायचं. मशीन धडधाकट असताना हे दोन मिनिटांचं काम. पण मशीनच मेली तर सरेंडर करणार कोण? मग सिरियल नंबर, नोंदणी केलेला ईमेल आणि पासवर्ड वापरून नव्या मशीनवर पुन्हा सक्रिय करायचं, किंवा सपोर्टकडून सोडवून घ्यायचं. किल्ली येते ती नोंदणी केलेल्या ईमेलवर.

आता खरा प्रश्न विचारतो. तो ईमेल कुणाचा आहे? बऱ्याच ठिकाणी तो विक्रेत्याच्या मुलाचा असतो, ज्यानं सात वर्षांपूर्वी येऊन इन्स्टॉल करून दिलं. किंवा तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा. पैसे तुम्ही भरलेत, बिल तुमच्या नावावर आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. हे बदलून घेणं सर्व्हर चालू असताना सोपं आहे, बंद पडल्यावर कठीण.

कॅडसारख्या इंजिनियरिंग सॉफ्टवेअरमध्ये बहुधा एक लायसन्स फाइल असते. तिच्यात सर्व्हरचं नाव आणि त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस लिहिलेला असतो. नवा सर्व्हर, नवं कार्ड, नवा पत्ता, म्हणजे फाइल बाद. विक्रेत्याच्या पोर्टलवरून नव्या पत्त्याची फाइल मागायची, याला रीहोस्ट म्हणतात. काही विक्रेते वर्षातून ठरावीक वेळाच रीहोस्ट देतात, काही जण जुनी मशीन बंद केल्याचं कंपनीच्या लेटरहेडवर मागतात. मग कुणीतरी सुचवतं, "नव्या मशीनला जुनाच मॅक ॲड्रेस देऊ ना!" तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण फाइल ज्या मशीनसाठी दिली तिच्याशिवाय दुसरीकडे चालवायची नाही, असंच बहुतेक करार म्हणतात. मेलवर परवानगी मागा, बरेचदा तात्पुरती फाइल एका दिवसात मिळते.

डोंगल मात्र जुन्या पद्धतीचा असला तरी इथे कामाचा. सर्व्हर गेला तरी हक्क यूएसबीच्या तुकड्यात शिल्लक राहतो. पण आग लागली किंवा चोरी झाली तर तोही सर्व्हरबरोबर जातो, आणि बऱ्याच विक्रेत्यांच्या अटींत डोंगल हरवला म्हणजे लायसन्स हरवलं. विम्यात सर्व्हरची किंमत लिहिताना डोंगलवरच्या सॉफ्टवेअरची किंमत लिहिली आहे का, हे जरूर बघा. आणि नवा सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर डोंगल त्याला लावायचा कसा, हेही एकदा करून बघा.

छोट्या कंपनीकडून करून घेतलेलं ईआरपी हा सगळ्यात नाजूक प्रकार. ते कोड बनवणारे दोघंतिघंच असतात. त्यांच्याशी करार करताना एक ओळ घाला: हार्डवेअर निकामी झाल्यास इतक्या तासांत नवी किल्ली देऊ. कागदावर नसेल तर निदान मेलवर.

आणि हो, खुद्द बॅकअप सॉफ्टवेअर! त्याची किल्ली मेलेल्या सर्व्हरवरच होती का? रिस्टोर करायला लायसन्स लागतं का? बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल तर पासवर्ड कुठे आहे? कुलुपाची किल्ली कुलुपाच्या आत ठेवण्यात अर्थ नाही.

नुसती चाचणी केली तरी?

रिस्टोरची चाचणी करा, असं आपण दर भागात सांगतो. पण चाचणीसाठी दुसऱ्या मशीनवर उभी केलेली प्रत हेसुद्धा इन्स्टॉलेशनच आहे. मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर ॲश्युरन्स घेतलेलं असेल, तर आपत्तीसाठी राखीव सर्व्हरचा हक्क त्यात मिळतो. तो सर्व्हर एरवी बंद ठेवायचा, चाचणीसाठी दर नव्वद दिवसांत आठवडाभराच्या आत थोडा वेळ चालू करता येतो. ओरॅकल डेटाबेसच्या अटींत बॅकअपची प्रत तपासायला बिनलायसन्सच्या मशीनवर वर्षातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन दिवसांपर्यंत मुभा आहे. ओरॅकलचा तो प्रसिद्ध दहा दिवसांचा नियम मात्र वेगळा आहे. तो सामायिक स्टोरेज असलेल्या क्लस्टरमधल्या राखीव मशीनसाठी आहे. दुसऱ्या सर्व्हरवर बॅकअप टाकून दहा दिवस फुकट चालवा, असा त्याचा अर्थ नाही. बाकीच्या सॉफ्टवेअरसाठी विक्रेत्याला लेखी विचारा.

लिनक्स, पोस्टग्रेस अशी मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे आता हसत असतील. बरोबर आहे, तिथे हार्डवेअर बदललं म्हणून कुणाला विचारावं लागत नाही. रेड हॅटसारखं सबस्क्रिप्शन असेल तर जुन्या मशीनची नोंद काढून नवीची करायची, एवढंच.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२ खाली, कायदेशीरपणे सॉफ्टवेअर बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते, आणि ज्या कामासाठी सॉफ्टवेअर दिलं होतं त्याच कामासाठी ती वापरता येते. म्हणजे बॅकअप घेणं गुन्हा नाही, निश्चिंत राहा. पण त्या सवलतीतून एकाचे दोन सर्व्हर करण्याचा हक्क मिळत नाही. आणि कलम ६३ बी म्हणतं, की बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून अडचणीच्या दिवशीच विक्रेत्याला मेल करा: अमुक तारखेला हार्डवेअर निकामी झालं, तमुक मशीनवर हलवतोय, पुढे काय करायचं ते सांगा. सर्व्हिस इंजिनियरचा बिघाडाचा रिपोर्ट सोबत जोडा. तुमचा हेतू दाखवणारा तोच कागद.

मग आज करायचं काय?

एक वही घ्या, किंवा एक्सेलची शीट. सर्व्हरवरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर सहा गोष्टी लिहा.

एक, कोणत्या वाटेनं घेतलं: ओईएम, रिटेल, व्हॉल्यूम की सबस्क्रिप्शन.
दोन, बिल कुठे आहे. त्याचा फोटो काढा. सर्व्हरच्या डब्यावर चिकटवलेल्या लायसन्सच्या स्टिकरचाही फोटो काढा.
तीन, लायसन्स कशाला बांधलंय: मदरबोर्ड, मॅक ॲड्रेस, डोंगल, कोअरची संख्या की कशालाच नाही.
चार, नोंदणी कोणत्या ईमेलवर आणि मोबाइलवर आहे. तो कंपनीचा नसेल तर याच आठवड्यात बदला.
पाच, मशीन मेल्यावर नवी किल्ली कशी मिळते आणि सपोर्ट रविवारी चालू असतो का.
सहा, आज नवा सर्व्हर घ्यावा लागला तर लायसन्सवर अंदाजे किती खर्च येईल.

ही शीट सर्व्हरवर ठेवू नका. एक प्रत छापून मालकांच्या कपाटात, एक क्लाउडवर. सहावा रकाना मालकांना दाखवा. बॅकअपला पैसे मागितले की "कशाला?" म्हणणारे मालक हा आकडा बघून खुर्चीत सरळ बसतात.

आणि अगदीच वेळ आली, लायसन्स हातात नाही आणि काम थांबवता येत नाही, तर क्लाउडवर विंडोजचं भाडं तासाच्या दरात धरलेली मशीन मिळते. आठवडा-दोन आठवडे तिथे काढता येतात, हक्काचा प्रश्न न येता. ओईएम लायसन्स मात्र तिथे घेऊन जाता येत नाही, आणि टॅली-कॅडचे प्रश्न तिथेही तेच राहतात.

सर्व्हर कधी बंद पडेल ते आपल्या हातात नाही. वीस तारखेला अकाउंट्समध्ये काम चालू असेल का, हे मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि त्याची तयारी एका दुपारची आहे. ती दुपार या आठवड्यात काढा. करताना एखाद्या सॉफ्टवेअरच्या अटी कळल्या नाहीत तर आम्हाला लिहा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. फक्त तुमच्या किल्ल्या आणि सिरियल नंबर पाठवू नका!

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.